नव्याचे जेवण आणि वर्षाचा हिशेब

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याची आठवी तारीख सोमवारी आली होती. त्या दिवशी दुपारी खडेबाजाराला लागून असलेल्या एका बोळातील जुन्या घरी मी जेवावयास गेलो. माजघरात चटया अंथरून त्यांच्यापुढे केळीची पाने मांडली होती. पानाच्या वरच्या अंगाला एकेक करून सात भाज्या वाढल्या होत्या. खाली भाताची मूद, तिच्यावर वरण आणि एका बाजूस नारळाच्या दुधातली गुळाची खीर. मांस नव्हते, मासळी नव्हती, अंडेही नव्हते. वास्तविक तो शुक्रवार नव्हता आणि उपवासकाळ संपून तर पाच महिने होत आले होते. घरात हसणे-बोलणे चालले होते, नातवंडांच्या अंगावर कोरे कपडे होते. आणि त्याच माजघरात, पवित्र मरियेच्या तसबिरीखालच्या फळीवर, एका पिशवीत त्या घराच्या वर्षाच्या हिशेबाचे कागद ठेवलेले होते. कारण पगारदारांना आयकराचे विवरणपत्र भरण्यास एरवी ३१ जुलैपर्यंत मुदत असते, ती त्या वर्षी सरकारने १५ सप्टेंबरपर्यंत वाढविली होती. त्यामुळे सण आणि कर एकाच आठवड्यात येऊन उभे राहिले.

या सणाची माहिती आपल्या सर्वच गावांना असेल असे नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मदिन. मंगळूरकडचे कॅथलिक लोक याला ‘मोंती फेस्त’ म्हणतात. मोंती म्हणजे डोंगर. नेत्रावती नदीच्या काठी फरंगीपेठ येथे मोंते मारियानो नावाचे देवालय आहे; तेथे गोव्याहून आलेले फादर जोकिम मिरांडा यांनी १७६३ साली हा सण सुरू केला, अशी परंपरा सांगते. नऊ दिवस नोव्हेना चालते, मुले रोज फुलांच्या टोपल्या घेऊन देवळात येतात आणि बाल मरियेच्या मूर्तीपुढे फुले उधळतात. सणाच्या दिवशी नव्या भाताची कणसे आशीर्वादित करून घरोघर वाटली जातात. गोव्यातही कणसांचा सण आहे. राय गावी तो ५ ऑगस्टला होतो, ताळगावी २१ ऑगस्टला. आपल्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात ही प्रथा बहुधा किनाऱ्याकडून वर आलेल्या घरांनी आणली. आपल्या मराठी मुलखाला ती परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या शेजाऱ्यांची नव्याची पुनव आश्विनात असते, तेव्हा दारावर भाताच्या लोंब्या बांधतात, हे आपण लहानपणापासून पाहात आलो आहोत.

त्या घरी कणसे खानापूर तालुक्यातून, मुलीच्या सासरच्या शेतातून आली होती. हळव्या भाताचा दाणा नुकताच भरलेला, नखाने दाबला तर दूध यावे असा. मोंतीच्या जेवणात हे दाणे सोलून, कुटून दुधात किंवा खिरीत घालतात. घरातील कर्ता पुरुष प्रार्थना म्हणतो आणि वयाच्या क्रमाने प्रत्येकाच्या हातावर तो घास ठेवतो. त्यावाचून कोणी पानाला हात लावीत नाही. जे नोकरीनिमित्त परगावी आहेत त्यांच्यासाठी दाणे वाळवून टपालाने पाठविण्याची चाल आहे. त्या घरातूनही दोन पाकिटे निघावयाची होती, एक दुबईला आणि एक पुण्याला.

भाज्यांची संख्या विषम असावी लागते: तीन, पाच, सात, जसे ज्याला परवडेल तसे. त्या दिवशी भेंडी होती, दोडका होता, काजू घातलेली तोंडली होती, लाल भोपळा, काकडी, अळूच्या देठांचे आंबट-तिखट आणि सातवी कारले-अंबाड्याची भाजी. कारले कडू, अंबाडे आंबट आणि त्यांत गुळाचा खडा. ही भाजी मुलांना आवडत नाही आणि मोठ्यांना दुसऱ्यांदा हवी असते. बाजारात अंबाडे मिळाले नाहीत म्हणून सुनेने तीन दिवस आधी चौकशी करून ते गोव्याच्या एस. टी.तून मागविले होते. खिरीला ते लोक ‘वोर्ण’ म्हणतात. मुगाची डाळ, गूळ, नारळाचे दूध आणि वर वेलची. मी स्वतः दोनदा घेतली. शेजारच्या हिंदू काकूंना त्यांनी बोलाविले होते. त्या म्हणाल्या, “आमची ऋषिपंचमीची भाजी परवाच झाली, तिच्यातही अळू असतोच.” ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या श्रमाचे काही चालत नाही, माणसाने हाताने लावलेलेच चालते. दोन्ही चालींत धागा एकच: आज पानावर काय घ्यावयाचे ते आपल्या जिभेने ठरवावयाचे नाही.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. शुक्रवारी मांस वर्ज्य करणे हे प्रायश्चित्त आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास तो नियम लागू आहे आणि त्यात मासळीस मोकळीक आहे. म्हणूनच आपल्याकडे कित्येक घरी शुक्रवारी सुरमई तळून उपवासाचे समाधान मानले जाते, ते असो. मोंतीच्या दिवशी मात्र मासळीही नाही, आणि तरी ते प्रायश्चित्त नाही. जमिनीने यंदा जे दिले तेच त्या दिवशी पानावर यावे आणि आधी देवाचे नाव घेऊन मगच खावे, एवढाच त्याचा अर्थ. बायबलमध्ये अनुवाद ग्रंथाच्या सव्विसाव्या अध्यायात या प्रथेचे मूळ आहे. पहिल्या पिकाची टोपली याजकापुढे ठेवताना शेतकऱ्याने काय बोलावयाचे ते तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे, तिसऱ्या वर्षाचा दशमांश दिल्यावर त्याने देवासमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे असते, की जो वाटा माझा नव्हता तो मी घरात ठेवलेला नाही. परक्याला, अनाथाला आणि विधवेला द्यावयाचे ते दिले आहे. हा अध्याय मी सेमिनरीत कितीदा वाचला असेन. परंतु टोपलीपेक्षा ते सांगणे अधिक जड असते, हे मला त्या सोमवारी कळले.

आता आदल्या दिवसाची गोष्ट. रविवारची दुसरी मिस्सा आटोपून मी वस्त्रे उतरवीत होतो, तोच त्या घरचे गृहस्थ सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीस आहेत. देवळाच्या कामाला कधी नाही म्हणाले नाहीत.

“फादर, एक काम होते. वीस हजारांची देणगीची पावती मिळेल का? तारीख मार्चच्या आतली घालावी लागेल.”

“तुम्ही त्या वर्षात दिले किती?”

“तीन हजार. पण दरवर्षी देतोच ना, फादर? आजपर्यंतचे सगळे धरले तर वीस काय, जास्तच होतील.”

“मग पावती तीन हजारांचीच देता येईल.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “बरे फादर,” म्हणाले, आणि दारातून मागे वळून, “उद्या जेवायला मात्र या. आई वाट पाहील.” मी गेलो ते याच जेवणाला, आणि खरे सांगावयाचे तर संकोचूनच गेलो.

वाचकबंधुभगिनींनो, अशी विनंती कोणत्याही धर्मगुरूला नवी नाही, म्हणून तिच्यासंबंधी स्पष्ट लिहितो. निव्वळ धार्मिक कार्यासाठी देवळाला दिलेल्या देणगीवर आयकरात वजावट मिळतच नाही. ती मिळते आयकर खात्याची त्यासाठी मान्यता असलेल्या धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीवर. तीही रोख दिली असेल तर दोन हजारांपुढे नाही. शिवाय २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून अशा संस्थेला देणगीदारांची यादी स्वतःच खात्याला कळवावी लागते आणि तिने दिलेले प्रमाणपत्र त्या यादीशी जुळावे लागते. म्हणजे पावतीपुस्तकातून एक पान फाडून कोणाचे भले करण्याचे दिवस संपले. मला विचाराल तर हे बरेच झाले. नाही म्हणणे आम्हांला थोडे सोपे झाले.

जेवण झाले. विडे फिरले. मुले बाहेर पळाली. सूनबाईंनी फळीवरची पिशवी काढली. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत आणि घरचे विवरणपत्र त्या वर्षी त्याच भरणार होत्या. प्रथम सासूच्या सासूबाईंचे, म्हणजे घरातल्या आजींचे कागद निघाले. आजींच्या नावे बँकेत मुदत ठेव आहे. २०२४-२५ साली तिच्यावर ५८,००० रुपये व्याज झाले. ज्येष्ठ नागरिकांसाठी तेव्हाची मर्यादा ५०,००० होती, म्हणून बँकेने दहा टक्क्यांनी ५,८०० रुपये कर कापून सरकारात भरला. (१ एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा एक लाख झाली.) आजींना दुसरे उत्पन्न जवळजवळ नाहीच. “कापले म्हणजे भरले, संपले,” अशी त्यांची समजूत. वास्तविक कर लागण्याइतके उत्पन्न नसताना कापलेला पैसा विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, आणि वर्षारंभी बँकेत तसे लिहून दिले तर कापलाच जात नाही. आपल्या गावोगावच्या किती वृद्धांचे असे पैसे तसेच राहून जात असतील! ज्यांच्या घरी मुदत ठेवी आहेत त्यांनी पासबुक एकदा शिकलेल्या मुलाला दाखवावे.

मग त्या गृहस्थांचे कागद निघाले. सूनबाईंनी कागदावर बेरजा-वजाबाक्या केल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तुम्हांला कोणतीही पावती लागत नाही.” पगार वर्षाचा ७,४०,०००. नव्या करपद्धतीत वजावटी जवळजवळ नाहीत, परंतु पगारदाराला ७५,००० रुपये सरसकट वजा मिळतात, उरले ६,६५,०००. त्या वर्षी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होत होता. (२०२५-२६ पासून ही रेषा बारा लाखांवर गेली.) ते गृहस्थ जुन्या सवयीने जुनीच पद्धती धरून बसले होते, आणि ज्या खोट्या पावतीसाठी आदल्या दिवशी माझ्यापुढे मान खाली घातली तिची गरजच नव्हती.

सर्वजण हसले. ते हसले नाहीत. उठून आतल्या खोलीत गेले आणि एक पाकीट घेऊन आले.

येथे सांगून ठेवतो, की पुढचा मजकूर पापनिवेदनात ऐकलेला नव्हे. तो भर माजघरात, सर्वांसमक्ष बोलला गेला, आणि “लिहा फादर, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल,” असे त्यांनीच मला सांगितले.

२०२२-२३ या वर्षाचे त्यांचे विवरणपत्र एका दलालाने भरले होते. कारखान्यातील बऱ्याच जणांची तोच भरीत असे. “परतावा काढून देतो, त्यातला पाचवा हिस्सा माझा,” एवढाच करार. त्याने काय लिहिले ते यांनी वाचले नाही. लिहिले होते असे, की यांनी एका राजकीय पक्षाला साठ हजार रुपये देणगी दिली. त्या पक्षाचे नाव यांनी आयुष्यात ऐकले नव्हते. साठ हजारांवर वीस टक्क्यांनी बारा हजार आणि उपकर धरून १२,४८० रुपये परत आले. दलालाचा हिस्सा जाऊन हाती उरले दहा हजारांच्या आतबाहेर. त्यांतून घराची कौले चाळून घेतली. आणि आता खात्याकडून विचारणा आली होती, की ही वजावट खरी असल्यास पुरावा ठेवावा, खरी नसल्यास विवरणपत्र दुरुस्त करावे. वीस हजारांची पावती त्यांना हवी होती ती यंदाच्या करासाठी जितकी, तितकीच या भीतीपोटी. हातात काहीतरी कागद असावा म्हणून.

ते एकटे नव्हते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने खोट्या वजावटी लावून देणाऱ्यांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन विवरणपत्रे दुरुस्त केली आणि १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले, असे खात्याने प्रसिद्ध केले. असे दावे करणारे सगळेच काही धनिक नव्हेत. त्यांत आपल्यासारखे पगारदार आहेत, ज्यांनी सही करण्यापूर्वी कागद वाचला नाही, किंवा वाचून डोळे मिटले.

माजघरात कोणी बोलेना. पत्नीला यातले काही ठाऊक नव्हते. मीही गप्प राहिलो. अशा वेळी धर्मगुरूने लगेच तोंड उघडू नये, असे माझे मत आहे. बोलल्या त्या आजी. त्यांचे माहेर निपाणीचे, तंबाखूच्या मुलखातले. आज तरुणांना सांगून खरे वाटणार नाही, परंतु १९४३ पासून कच्च्या तंबाखूवर सरकारचा अबकारी कर होता आणि तो १९७९ साली उठला; तोवर शेतकऱ्याला आपल्या घरातला वाळलेला माल वजन करून लिहून द्यावा लागे. आजी म्हणाल्या, “इन्स्पेक्टर यायचा तेव्हा गावात अर्धी तंबाखू गवताखाली जायची. आमच्या बाबांची नाही जायची. आई भांडायची, सगळे लपवतात, तुम्हीच का हरिश्चंद्र? तर म्हणायचे, इन्स्पेक्टरसाठी नाही लिहून देत. खाली अंगठा माझा आहे.” मग लेकाकडे वळून म्हणाल्या, “तू तर सही करतोस. शिकलास की रे.”

विवरणपत्राच्या शेवटी करदात्याची एक प्रतिज्ञा असते, की वर लिहिलेले माझ्या माहितीप्रमाणे खरे आणि पूर्ण आहे. पूर्वी तिच्याखाली शाईने सही करीत. आता मोबाईलवर आलेले सहा आकडे यंत्रात भरले, की प्रतिज्ञा झाली. आकडे भरावयास अर्धे मिनिट पुरते. त्या अर्ध्या मिनिटात आपण शपथ घेतली, हे कोणाच्या मनात येत नाही. भारतात आयकर प्रथम १८६० साली आला. नंतर १९२२ चा कायदा झाला, मग १९६१ चा, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नासाठी २०२५ चा नवा कायदा. कलमे बदलली, दर बदलले. हिशेब मात्र करदात्याने आपल्या तोंडाने सांगावयाचा, ही रीत कोणीच काढून टाकली नाही.

सूनबाईंनी दुरुस्तीचा हिशेब मांडला. जुने विवरणपत्र सुधारून भरण्याची मुदत आता चार वर्षांपर्यंत आहे. परंतु जसजसा उशीर तसतसा दंडासारखा जादा कर वाढतो. पहिल्या वर्षात भरल्यास कर व व्याज यांच्या बेरजेवर २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. हे गृहस्थ दुसऱ्या वर्षात होते. कर १२,४८०, व्याज साडेतीन हजारांच्या वर, आणि त्या बेरजेच्या निम्मे आणखी. एकूण चोवीस हजारांच्या पुढे. हाती आले होते दहा; द्यावयाचे चोवीस, आणि तेही एकदम, कारण पैसे भरल्यावाचून दुरुस्ती दाखल होत नाही. मुलाच्या मोटारसायकलसाठी पोस्टात तीस हजार साठविले होते. त्या मुलाने सर्व ऐकले आणि म्हणाला, “बाबा, गाडी पुढल्या वर्षी बघू. बस आहेच की.” मला वाटते, त्या दिवसाचे खरे नव्याचे दाणे त्याने वाटले.

आपल्या शेतकरी कुटुंबांसाठी एक गोष्ट मध्येच सांगणे भाग आहे, कारण हा प्रश्न मला गावोगाव विचारला जातो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे खरे आहे. तथापि शेतकऱ्याला कोणताच आयकर नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. दुकान, भाडे, बँकेचे व्याज, मुलाचा पगार ही शेती नव्हे. आणि दुसरे उत्पन्न करपात्र असेल तर शेतीचे उत्पन्नही, ते पाच हजारांवर असल्यास, कराचा दर ठरविण्यापुरते मोजले जाते. किराणा दुकानाची कमाई उसाच्या खात्यावर दाखविणारे महाभाग आहेत. त्यांच्या उसाला एकरी किती टन उतारा पडतो हे ऐकून कृषी खात्याने त्यांचा सत्कारच करावा.

त्या घरचे यंदाचे विवरणपत्र १२ तारखेस गेले. ते बरे झाले, कारण १५ तारखेस सबंध देश एकाच दारात उभा राहिला आणि संकेतस्थळ इतके मंदावले, की सरकारला मुदत आणखी एका दिवसाने वाढवावी लागली. जुन्या वर्षाची दुरुस्ती ऑक्टोबरात, पोस्टातील पैसे काढून झाली. दलालाने फोन उचलला नाही.

२१ सप्टेंबर हा संत मत्तयाचा दिवस. मत्तय जकातनाक्यावर बसणारा. प्रभूने त्याला बोलाविले आणि मग त्याच्याच घरी, त्याच्यासारख्याच नाकेदारांच्या पंगतीत बसून जेवला. त्या वर्षी ती तारीख रविवारी आल्यामुळे मत्तयाच्या सणाची मिस्सा झाली नाही, रविवारचीच झाली. मिस्सेनंतर ते गृहस्थ पुन्हा सॅक्रिस्टीच्या दारात आले. या वेळी पाकिटात चालू वर्षाचे तीन हजार होते.

“पावती नको, फादर. नव्या पद्धतीत तिचा उपयोग नाही.”

“तुम्हांला नसेल,” मी म्हणालो, “देवळाच्या वहीला आहे.” आणि तीन हजारांची पावती लिहून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, अक्षरी रक्कमही वाचली, आणि घडी करून खिशात ठेवली.

आजींचे ५,८०० रुपये पुढे बँकेत जमा झाले. त्यांचा निरोप आला आहे, की पुढच्या मोंतीला भाज्या नऊ होतील, आणि अंबाड्याची सोय फादरांनी गोव्यातील आपल्या ओळखीतून आधीच करून ठेवावी.